सोमवारची ओळ

उद्यमनगरात सोमवारी भट्टी पेटत नाही.
लेथखालचा कीस तेल पीत पडून राहतो,
शेडच्या पत्र्यावर कावळे मालकासारखे फिरतात.
मंगळवारी सकाळी मी संगणक उघडते
तर सोमवारची ओळ ओरडत असते:
#DIV/0!
शेवटी उद्गारचिन्ह, पाय भाजल्यासारखं.

नवी होते, दचकले.
वाटलं, माझ्याच हातनं काही मोडलं.
सुकुमारशेठ म्हणाले, "खोड की ते,
दुपारी बँकेचा माणूस येणार हाय."
खोडलं. त्याबरोबर सूत्रही गेलं,
पुढच्या महिन्यात तो रकाना मुकाच राहिला.

सूत्र साधं आहे:
फुटलेले नग भागिले ओतलेले नग.
शनिवारी एकशे वीस ओतले, सहा फुटले.
पाच टक्के.
रविवारी ऐंशी ओतले, एकही फुटला नाही.
शून्य टक्के. ते शून्य मी ठळक करते,
त्यात घाम आहे.
आणि सोमवारी?
कशातले किती फुटले हे विचारायचं
तर आधी "कशातले" पाहिजे.

दस्तगीरचाचा साचे भरतात.
चौथीनंतर शाळा नाही.
वाळू चाळता चाळता म्हणाले,
"बूड नसलेल्या घमेल्यानं ह्यो ढीग उपसायचा,
तर खेपा किती?
हजार न्हाईत, पोरी. शून्य बी न्हाईत.
सवालच चुकलाय."

शेठना घमेलं पटलं नाही.
"सोमवारी काय फुटलंय? शून्य लिही."
लिहिलं. चार सोमवार, चार शून्यं.
साडेचारची सरासरी
तीन पूर्णांक नऊवर घसरली.
कुलूप लावून आम्ही सुधारलो होतो.

मग शेठचा पुतण्या आला, अभिनंदन,
इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष.
त्यानं सगळ्या रकान्यांवर एकच चादर घातली:
चूक कुठलीही असो, वर एक आडवी रेघ दिसेल.
पान कसं स्वच्छ झालं!
जुलैत कुणीतरी ओतकामाच्या रकान्यात
"८० नग" असं अक्षरांत लिहायला लागलं,
भागाकार अडला, रेघ आली.
अकरा दिवस रेघा.
अकरा दिवस कुणी विचारलं नाही.
चादरीखाली ताप वाढत होता.

त्या रात्री मी चादर काढली.
आता सूत्र आधी दार वाजवतं:
ओतलेले नग शून्य आहेत?
मग लिही, "बंद".
नसतील, तर भाग.
बाकी जे ओरडेल त्याला ओरडू दे.
आणि महिन्याचा हिशेब
टक्क्यांची सरासरी काढून नाही,
सगळे फुटलेले भागिले सगळे ओतलेले.
सोमवार तिथं आपोआप गप्प बसतो.

दुसरं पान माणसांचं.
भरलेले साचे भागिले हजर दिवस.
भाद्रपदात चाचा सीपीआरमध्ये होते, छातीत पाणी.
साचे शून्य, दिवस शून्य,
आणि त्यांच्या नावापुढं तीच किंकाळी.
अभिनंदन म्हणाला, "शून्य टाक ना, ताई."
टाकून बघितलं. यादी चढत्या क्रमानं लागली
आणि दस्तगीर मुजावर सगळ्यात वर,
म्हणजे सगळ्यात खाली,
गेल्या आठवड्यात लागलेल्या पोराच्याही खाली.
बावीस वर्षं वाळूत हात घातलेला माणूस.
मी शून्य पुसलं.
दिवस शून्य असतील तर लिही:
"रजेवर".

चाळीस दिवसांनी आले. शर्ट सैल झालेला.
ऑफिसच्या दारात चपला काढून म्हणाले,
"माझी वळ दाव."
चष्मा पुसून, बोट ठेवून वाचली.
"रजेवर. बराबर हाय.
आनी ह्यो सोमवार?"
"बंद."
"त्यो बी बराबर."

त्या दिवशी त्यांनी नऊ साचे भरले.
ओतल्यावर तीन फुटले.
तेहतीस टक्के.
शेठनं माझ्याकडं बघितलं, मी पडद्याकडं.
आकडा ठळक केला नाही, लपवलाही नाही.
बऱ्याच दिवसांनी त्या ओळीत
भागाकार झाला होता.